अपडेट अडलंय? आधी घड्याळ बघा!

कॉम्प्युटर सुरू केला की पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, एक छोटीशी ढाल दिसते. ती ठीक असते तोवर तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. मग एक दिवस तिच्यावर लाल फुली येते आणि 'अपडेट फेल्ड' अशी पाटी झळकते. आपण काय करतो? पाटी बंद करतो आणि कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटी, पुन्हा तेच. आठवडाभराने ती पाटी भिंतीवरच्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरसारखी होते. असते, पण दिसत नाही.

बचत गटांच्या कामासाठी मी मोशी, बोऱ्हाडेवाडी, डुडुळगाव या भागात फिरत असते. बैठक संपली, चहा झाला की हळूच कुणीतरी विचारतं, "ताई, ते कॉम्प्युटरवर लाल लाल काय येतंय हो? घालवता येईल का?" हा प्रश्न इतक्या वेळा आला, की म्हटलं, यावर एकदा सविस्तर लिहूनच टाकू. कारण मैत्रिणींनो, ती पाटी घालवायची नसते. ती का आली, ते शोधायचं असतं.

आमची मोशी १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. पुणे-नाशिक रस्त्यावरचं हे गाव. एकीकडे भोसरीची एमआयडीसी, दुसरीकडे चाकण. घरातला पुरुष शिफ्टला, मुलं शाळा-कॉलेजला आणि कॉम्प्युटर बाईच्या ताब्यात, हे दृश्य इथे आता नवं नाही. कुणी जवळच्या वर्कशॉपची बिलं टाइप करून देते, कुणी ट्यूशनच्या प्रश्नपत्रिका काढते, कुणी गटाचा जमाखर्च ठेवते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला आणि शाळा सुरू झाल्यावर तो आईच्या कामाला आला, अशीही कितीतरी घरं आहेत. म्हणजे त्या डब्यात आता नुसते गेम नाहीत. गटातल्या बायकांचे हिशेब, आधार आणि पॅन कार्डाच्या प्रती, मुलांचे निकाल, लग्नाचे फोटो, बँकेची कामं असं सगळं आहे. कपाटाला आपण दोन कुलपं लावतो. मग या कपाटाचं काय?

वॉचमनची वही

अँटीव्हायरस म्हणजे सोसायटीचा वॉचमन समजा. त्याच्या हातात एक वही आहे. ओळखीच्या चोरांचे फोटो, त्यांच्या खाणाखुणा त्यात चिकटवलेल्या आहेत. गेटवर कुणी आलं, की तो वही उघडून चेहरा ताडून पाहतो. अपडेट म्हणजे या वहीत रोज येणारी नवी पानं. वॉचमन कितीही इमानदार असला, तरी वही गेल्या दिवाळीची असेल तर कालपरवा तयार झालेला चोर त्याला सलाम करून आत जाणार! आजचे अँटीव्हायरस नुसता चेहरा बघत नाहीत, वागणूकही बघतात. तरी नव्या पानांची गरज संपलेली नाही.

आणि ही पानं थोडीथोडकी नसतात. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था जगभरातले असे प्रोग्राम मोजते. तिच्या नोंदीत दररोज साडेचार लाखांहून जास्त नव्या घातक आणि नको असलेल्या प्रोग्रामची भर पडते. दररोज! म्हणूनच विंडोजबरोबर फुकट मिळणारा डिफेंडर असो की विकत घेतलेला अँटीव्हायरस, त्याची वही दिवसातून अनेकदा बदलते.

अपडेट चुकलं तर काय होतं याचं मोठं उदाहरण म्हणजे १२ मे २०१७ रोजी पसरलेला 'वॉनाक्राय'. त्याने जगातल्या दीडशेच्या आसपास देशांत मिळून दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर पकडले. फाइल्सना कुलूप घालायचं आणि किल्लीसाठी तीनशे डॉलर मागायचे, असा त्याचा धंदा. इंग्लंडमध्ये तर सरकारी दवाखान्यांना पेशंट परत पाठवावे लागले. गंमत पहा, विंडोजमधल्या ज्या भोकातून तो आत शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिलं होतं. म्हणजे औषध दोन महिने आधी आलं होतं. ज्यांच्या कॉम्प्युटरपर्यंत ते पोचलं नव्हतं, ते सापडले.

औषध आपल्या पुण्याचंच!

व्हायरस, अँटीव्हायरस म्हटलं की आपल्याला वाटतं, हे सगळं अमेरिकेत चालत असणार. पण भारतात घरोघर पोचलेला एक अँटीव्हायरस आपल्या पुण्यातच जन्मला. 'क्विक हील' त्याचं नाव. मी काही त्याची जाहिरात करत नाही. कुठला घ्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. पण गोष्ट सांगण्यासारखी आहे.

कैलास आणि संजय काटकर हे दोघे भाऊ. कुटुंब मूळचं सातारा जिल्ह्यातलं. थोरल्या कैलास यांनी दहावीनंतर शाळा सोडली आणि १९८५ च्या सुमारास पुण्यात कॅल्क्युलेटर-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात महिना चारशे रुपयांवर काम धरलं. पुढे पंधरा हजारांच्या भांडवलावर स्वतःचं छोटं दुकान काढलं. त्या काळी बँकांमध्ये नुकते कॉम्प्युटर येऊ लागले होते. दुरुस्तीला गेलेल्या या माणसाला त्यातलं भविष्य दिसलं. आपण शिकलो नाही, पण भावाने कॉम्प्युटर शिकलाच पाहिजे, असा त्यांनी हट्ट धरला. संजय मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकले. दुकानात दुरुस्तीला येणारे कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा व्हायरसने बिघडलेले असायचे. त्यावर उपाय म्हणून संजय यांनी प्रोग्राम लिहायला घेतले आणि १९९५ मध्ये त्यातून विकायचा अँटीव्हायरस तयार झाला.

१९९३ मध्ये 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' या नावाने सुरू झालेल्या त्यांच्या कंपनीचं नाव २००७ मध्ये 'क्विक हील टेक्नॉलॉजीज' झालं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. कैलास यांच्या पत्नी अनुपमा काटकर यांनीही कंपनीच्या कारभारात हात दिला. दुरुस्तीच्या टेबलावरून उभं राहिलेलं हे काम आहे. आणि म्हणूनच मला वाटतं, कॉम्प्युटरची छोटी दुरुस्ती म्हणजे इंजिनीअरचंच काम, हे आपण मनातून काढून टाकायला हवं.

या गोष्टीला एक पुढचा भागही आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये 'कॉनफिकर' नावाचा व्हायरस आला. तो नेटवर्कमधून पसरायचा, पेनड्राइव्हमधून पसरायचा आणि आत शिरल्यावर पहिलं काम करायचा ते अपडेट बंद पाडण्याचं. विंडोजचं अपडेट बंद, अँटीव्हायरसचं अपडेट बंद! त्याच्याकडे शब्दांची यादीच होती. त्या यादीतला शब्द असलेली कुठलीही साइट तो उघडू द्यायचा नाही. यादीत मायक्रोसॉफ्ट होतं, नॉर्टन होतं, कॅस्परस्की होतं आणि आपल्या पुण्याचं 'क्विकहील'ही होतं. चोराने आधी वॉचमनकडे येणारा पोस्टमन अडवावा, तसला हा प्रकार.

म्हणून 'अपडेट फेल्ड' या पाटीचे दोन अर्थ होतात. बहुतेक वेळा कारण अगदी साधं असतं. पण क्वचित, घरात आधीच कुणीतरी शिरलेलं असतं. कुठलं कारण आहे ते ओळखायचं कसं? पुढच्या क्रमाने चला. भाजी का करपली ते शोधताना आपण आधी गॅस बघतो, लगेच नवी कढई आणत नाही. तसंच हे.

एकेक करून तपासू या

पहिलं, इंटरनेट. हसू नका. नेट सुरू आहे ना, हे दुसरी एखादी साइट उघडून बघा. नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून घेत असाल, तर दिवसाचा डेटा संपलाय का तेही पहा. शिवाय सेटिंगमध्ये ते कनेक्शन 'मीटर्ड' म्हणून नोंदलेलं असेल, तर डेटा वाचवण्यासाठी विंडोज काही अपडेट्स रोखून धरतं. वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन ते तात्पुरतं बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा.

दुसरं, वेळ. अपडेट बहुधा ठरावीक वेळी आपोआप येतं. ती वेळ रात्रीची असेल आणि आपण रात्री कॉम्प्युटर बंद करत असू, किंवा गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते तेव्हाची असेल, तर ते हुकणारच. अँटीव्हायरस उघडून 'अपडेट नाऊ' हे बटण स्वतः दाबा. आठवड्यातून एकदा तरी असं हाताने करून पाहायची सवय ठेवा.

तिसरं आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित, तारीख. कोपऱ्यातलं घड्याळ बघा. तारीख, महिना, साल बरोबर आहे का? जुन्या कॉम्प्युटरमध्ये आतल्या बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो. कॉम्प्युटर बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. काही वर्षांनी तो संपतो. मग रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं, की सकाळी कॉम्प्युटर एकदम दहा-बारा वर्षं मागे गेलेला असतो! आपला कॉम्प्युटर अपडेट देणाऱ्या सर्व्हरचं ओळखपत्र तपासतो आणि त्या ओळखपत्रावर मुदत असते. तारीखच चुकीची असेल तर ओळख पटत नाही आणि अपडेट अडतं. बँकेची साइट उघडतानाही 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा येऊ लागला, तर तारखेवर हमखास संशय घ्या. फरक फार मोठा असेल तर विंडोजही तो आपोआप दुरुस्त करत नाही. तारीख हाताने लावा, मग 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' सुरू करा. रोज बिघडत असेल तर सेल बदला. त्याचा नंबर बहुतेक वेळा सीआर २०३२ असतो. घड्याळाच्या किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळतो. बदलण्याआधी प्लग काढायला मात्र विसरू नका. स्वतःला जमत नसेल तर जवळच्या दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

चौथं, मुदत. विकतचा अँटीव्हायरस एक किंवा तीन वर्षांसाठी असतो. मुदत संपली की वॉचमन खुर्चीत बसलेला दिसतो, पण वहीत पानं येणं बंद होतं. बिलाची तारीख तपासा. एकाच कॉम्प्युटरसाठीची किल्ली जावेच्या कॉम्प्युटरलाही घातली असेल, तरी अडचण येते. आणि कुणी "फुकटात क्रॅक करून देतो" म्हणालं, तर हात जोडून नको म्हणा. अशा क्रॅकमधूनच व्हायरस येतात. कुलूप चोराकडूनच बसवून घेण्यातला तो प्रकार आहे.

पाचवं, एका म्यानात दोन तलवारी. एक अँटीव्हायरस अडतोय म्हणून दुसरा टाकला, तर दोघं एकमेकांनाच चोर समजून भांडतात. कॉम्प्युटर रांगायला लागतो तो वेगळाच. एकच ठेवा. दुसरा टाकायचा तर पहिला आधी रीतसर काढा आणि कॉम्प्युटर बंद करून परत चालू करा. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीपासून असतोच. विकतचा टाकला की तो आपोआप बाजूला होतो.

सहावं, जागा. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल, तर नवी पानं ठेवणार कुठे? रिसायकल बिन रिकामी करा. सेटिंगमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन 'टेम्पररी फाइल्स' काढा. लग्नाचे व्हिडिओ दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा.

सातवं, वय. कॉम्प्युटरची विंडोज किती जुनी आहे? मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीला आधार देणं ८ एप्रिल २०१४ ला थांबवलं, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज १० च्या घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट्स देण्याचं कंपनीने जाहीर केलं. जुन्या विंडोजवर अँटीव्हायरस कंपन्याही एकेक करून अपडेट देणं बंद करतात. तुमचा अँटीव्हायरस स्वतःच जुन्या आवृत्तीचा असेल, तर मुदत शिल्लक असतानाही नवी आवृत्ती टाकून घ्यावी लागते.

इथपर्यंत सगळं तपासलं, कॉम्प्युटर एकदा बंद करून परत चालू केला, तरी अपडेट होत नाही? मग आठवं. बाकी सगळ्या साइट्स उघडतायत, पण अँटीव्हायरस कंपनीची आणि मायक्रोसॉफ्टची साइट मात्र उघडत नाही, असं आहे का? अँटीव्हायरस सुरू केला की आपोआप बंद होतो का? असं असेल तर कॉनफिकरसारखा कुणीतरी आत बसलाय असं समजा.

अशा वेळी घाबरायचं नाही, पण घाईही करायची नाही. आधी नेट काढा. त्या कॉम्प्युटरवर बँकेचं काम बंद. डिफेंडर असेल तर त्यात 'ऑफलाइन स्कॅन' नावाची सोय आहे. कॉम्प्युटर बंद होऊन परत चालू होतो आणि विंडोज पूर्ण जागं व्हायच्या आतच तपासणी होते. साधारण पंधरा मिनिटं लागतात. व्हायरसला लुडबुड करायला वाव मिळत नाही. दुसरा मार्ग म्हणजे, शेजारच्या चांगल्या कॉम्प्युटरवरून आपल्या अँटीव्हायरस कंपनीच्या साइटवरची ऑफलाइन अपडेटची फाइल पेनड्राइव्हवर आणायची. केंद्र सरकारने २१ फेब्रुवारी २०१७ ला 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केलं. त्याच्या साइटवरही व्हायरस काढायची साधनं फुकट मिळतात. पेनड्राइव्ह परत दुसरीकडे लावण्याआधी तो तपासून घ्या, नाहीतर शेजारणीकडे प्रसाद जायचा!

पाटीवरचा फोन नंबर

आता जरा गंभीर गोष्ट. आमच्या एका गटातल्या ताईंचा हा अनुभव. त्यांच्या परवानगीनेच, पण नाव न देता सांगते आहे.

या ताई घरी बसून दोन छोट्या वर्कशॉपचे हिशेब लिहितात. गटाचा जमाखर्चही त्यांच्याकडेच. कॉम्प्युटर जुना, पण अँटीव्हायरस विकत घेतलेला. महिनाभर अपडेट होत नव्हतं. त्यांनी बाकीच्यांसारखं दुर्लक्ष केलं नाही. सरळ इंटरनेटवर 'अँटीव्हायरस कस्टमर केअर' असं शोधलं. पहिल्याच ओळीत नंबर मिळाला. फोन लावला. पलीकडचा मुलगा अगदी गोड बोलत होता. "मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये चारशे व्हायरस दिसतायत," म्हणाला. एक छोटा प्रोग्राम टाकायला लावला. त्याने पडदा तिकडून दिसू लागला, माउसचा बाण आपोआप फिरू लागला. दहा रुपये भरून रजिस्ट्रेशन करा म्हणाला. ताईंनी बँकेची साइट उघडली. ओटीपी आला, तो टाकला. आणि गटाच्या कर्जाचा हप्ता भरायला ठेवलेले पैसे डोळ्यांदेखत गेले.

हा झाला पहिला भाग. दुसरा भाग मला जास्त लागला. संध्याकाळी मिस्टर सेकंड शिफ्टला गेलेले. ताईंनी कुणालाच सांगितलं नाही. "घरात काय म्हणतील? गटातल्या बायका काय म्हणतील? मीच पैसे खाल्ले म्हणाल्या तर?" अख्खी रात्र त्यांनी एकटीने काढली. सकाळी चेहरा बघून जावेने खोदून खोदून विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. जाऊच धडाडीची. तिने तिथल्या तिथे १९३० ला फोन लावला, बँकेला कळवलं, मग दोघी पोलिसांकडे गेल्या. रकमेचा थोडा भाग पुढच्या खात्यात अडवता आला. बाकीची रक्कम रातोरात पुढे निघून गेली होती. ती एक रात्र महागात पडली.

आणि अपडेट का होत नव्हतं? नंतर दुरुस्तीवाल्याने डबा उघडून पाहिलं. आतला सेल संपलेला होता. तारीख चुकत होती. बस, एवढंच! तो सेल बदलला आणि दहा मिनिटांत वही अद्ययावत झाली.

गटाच्या पुढच्या बैठकीत ताईंनी उभं राहून सगळं सांगितलं. हात थरथरत होते. मला भीती होती, की कुणीतरी टोचून बोलणार. पण एक वयस्कर मावशी म्हणाल्या, "अगं, चोरी ज्याच्या घरी होते त्याला का लाज? लाज चोराला." मग एकेक जण बोलू लागली. दोघींना असेच फोन येऊन गेलेले निघाले. त्यांनीही घरी सांगितलं नव्हतं. हप्त्याची तूट सगळ्यांनी मिळून तीन महिन्यांत भरायची ठरली.

मैत्रिणींनो, एक लक्षात घ्या. कितीही अद्ययावत अँटीव्हायरस असला, तरी आपण स्वतःच्या हाताने दार उघडून दिलं तर तो काही करू शकत नाही. 'तुमची मुदत संपली, या नंबरवर फोन करा' असं सांगणारी मोठी लाल पाटी, कानठळ्या बसवणारा भोंगा, 'कॉम्प्युटर बंद करू नका' अशी धमकी, हे सगळं नाटक असतं. खरा अँटीव्हायरस पाटीवर नंबर देऊन तातडीने फोन करायला लावत नाही. अशी पाटी हटत नसेल तर सरळ कॉम्प्युटर बंद करा. मदतीचा नंबर हवाच असेल तर तो विकत घेतलेल्या खोक्यावर किंवा अँटीव्हायरसच्याच 'हेल्प'मध्ये बघा. नूतनीकरण करायचं असेल तर जिथून घेतला त्या दुकानात जा. इंटरनेटवर शोधून मिळालेला पहिला नंबर म्हणजे रस्त्यात भेटलेला अनोळखी माणूस.

आणि चुकून पैसे गेलेच, तर १९३०. हा देशभराचा हेल्पलाइन नंबर आहे. जितका लवकर फोन, तितके पैसे अडण्याची शक्यता जास्त. बँकेलाही त्याच वेळी कळवा. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमात ग्राहकाने कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं असं म्हटलं आहे. म्हणून लाजेपेक्षा फोन आधी.

मग अपडेटवरच विश्वास ठेवायचा का?

हा प्रश्न एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने विचारला होता आणि तो बरोबर आहे. कधी कधी अपडेटच बिघडलेलं येतं. १९ जुलै २०२४ ला 'क्राउडस्ट्राइक' या अमेरिकन कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रामचं एक सदोष अपडेट गेलं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यायची वेळ आली. तो प्रोग्राम मोठ्या कंपन्यांचा, घरगुती नव्हे. पण म्हणून अपडेट घ्यायचंच नाही का? दूध एकदा नासलं म्हणून आपण रतीब बंद करत नाही. उपाय एकच. महत्त्वाच्या फाइल्सची एक प्रत वेगळी ठेवायची. गटाचे हिशेब, कागदपत्रं, फोटो महिन्यातून एकदा वेगळ्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवा आणि काम झालं की तो काढून कपाटात ठेवा. लावूनच ठेवला तर वॉनाक्रायसारखा चोर त्यालाही कुलूप घालेल.

हे सगळं वाचून, "बाई गं, केवढं हे!" असं वाटलं असेल. पण शिलाई मशीनला तेल घालणं, कुकरची शिट्टी साफ करणं, पाण्याच्या टाकीचा बॉल बघणं हेही आपल्याला कुणी कॉलेजात शिकवलं नव्हतं. करता करता आलं. गटाच्या हिशेबाची वही आपण दर महिन्याला सगळ्यांसमोर उघडतो. त्याच बैठकीत दहा मिनिटं काढून, "कुणाचं अपडेट अडलंय का? कुणाला विचित्र फोन आला का?" एवढं विचारायला काय हरकत आहे? आमच्या गटात ते आता सुरू झालंय. पहिल्याच महिन्यात दोन कॉम्प्युटरांच्या तारखा चुकलेल्या सापडल्या.

कॉम्प्युटरजवळ चिकटवून ठेवा

* अपडेट अडलं तर क्रमाने बघा: नेट, तारीख, मुदत, जागा, दुसरा अँटीव्हायरस, विंडोजचं वय.
* अँटीव्हायरस एकच ठेवा. चोरीचा, क्रॅक केलेला नको.
* फक्त अँटीव्हायरसची आणि मायक्रोसॉफ्टची साइट उघडत नसेल तर नेट काढा, बँकेचं काम थांबवा, ऑफलाइन स्कॅन करा.
* पाटीवरच्या किंवा इंटरनेटवर शोधलेल्या नंबरवर फोन नको. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून पडदा दाखवणारा प्रोग्राम टाकू नका. ओटीपी कुणालाही नाही.
* महिन्यातून एकदा फाइल्सची वेगळी प्रत.
* पैसे गेले तर लगेच १९३० आणि बँक. मग घरच्यांना सांगा. गप्प बसू नका.